‘बरे करते’ आणि ‘मदत करते’

गेल्या दिवाळीत सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेले होते, तेव्हा आत्याने तिचा फोन माझ्या हातात दिला. पडद्यावर कारले, जांभूळ आणि एका हसऱ्या वयस्क जोडप्याचे चित्र होते आणि त्याखाली ठळक मराठीत लिहिले होते, ‘साखर मुळापासून आटोक्यात, गोळ्यांपासून कायमची सुटका’. आत्याला मधुमेह होऊन अकरा वर्षे झाली आहेत. “संध्याकाळची गोळी कधी थांबवलीस?” असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, “तीन आठवडे झाले असतील. अगं, त्यात लिहिलंय ना, गोळ्या सुटतात म्हणून.” दुसऱ्या दिवशी उपाशीपोटीची साखर तपासली, ती २६०च्या पुढे निघाली.

जाहिरातीतल्या त्या रसाची बाटली आत्याच्या फडताळात होती, ती मी उलटून पाहिली. मागच्या बाजूला, घटकांच्या यादीखाली, चष्मा लावूनही वाचायला कष्ट पडावेत एवढ्या बारीक इंग्रजी अक्षरांत ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ असे छापले होते. म्हणजे हे पेय औषध म्हणून वापरण्यासाठी नाही, हे उत्पादकाने कागदोपत्री सांगितले होते. मात्र ते आत्याला न येणाऱ्या भाषेत आणि तिची नजर जाणार नाही अशा जागी सांगितले होते. तिला समजणाऱ्या भाषेत आणि तिच्या हातातल्या पडद्यावर नेमके उलटे वचन दिले होते.

ही गोष्ट मला इतकी लागली याचे एक कारण असे की, मी हेच काम करते. फार्मसीची पदविका घेऊन पाच वर्षे मिरजेत मेडिकलच्या काउंटरवर काढली आणि गेली नऊ वर्षे पुण्यात आरोग्यविषयक उत्पादनांचा मराठी मजकूर लिहिते. संकेतस्थळावरची पाने, फेसबुकच्या जाहिराती, रीलच्या खालच्या ओळी, व्हॉट्सॲपवर धाडायचे संदेश असे सगळे. बहुतेक वेळा माझ्याकडे एक तक्ता येतो. डावीकडच्या रकान्यात इंग्रजी मजकूर असतो, जो कंपनीच्या कायदेविभागाने वाचून, खोडून, पुन्हा वाचून मान्य केलेला असतो. उजवीकडचा मराठी रकाना रिकामा असतो आणि तो संध्याकाळपर्यंत भरून हवा असतो. भरलेला रकाना पुन्हा कायदेविभागाकडे जात नाही, कारण तिथे मराठी वाचणारे कोणी नसते. इंग्रजीत ‘हेल्प्स मेंटेन हेल्दी शुगर लेव्हल्स’ असे जपून लिहिलेले वाक्य मराठीत येईपर्यंत ‘साखर कायमची आटोक्यात’ होते, ते याच वाटेवर. त्यात दर वेळी कोणाचा डाव असतोच असे नाही. मूळ वाक्य मराठीत मिळमिळीत वाटते, कोणीतरी ‘जरा जोर येऊ दे’ म्हणते, आणि मराठीत औषधाच्या वाक्याला जोर आणायचा म्हणजे ‘रामबाण’, ‘अक्सीर’, ‘मुळापासून’, ‘खात्रीशीर’ हे शब्द बोटांवर तयारच असतात.

या शब्दांबद्दल थोडे थांबून लिहिणे मला आवश्यक वाटते. घरात आजी ‘सर्दीवर आल्याचा काढा रामबाण’ म्हणते तेव्हा तो बोलण्यातला जिव्हाळा असतो आणि ऐकणाऱ्यालाही ते कळते. तोच शब्द पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या बाटलीवर आला की त्याचा अर्थ शब्दशः लागू होतो, कारण रामाचा बाण कधी चुकत नाही, आणि न चुकणारे औषध म्हणजे हमी दिलेले औषध. ‘मुळापासून’ या शब्दात आजार परत येणार नाही हे वचन आहे. ‘गोळ्या सुटतात’ या दोन शब्दांत तर डॉक्टरांनी दिलेले उपचार थांबवण्याचा सल्लाच आहे, आणि जो सल्ला द्यायला नोंदणीकृत डॉक्टरलाही रुग्णाचे अहवाल पाहावे लागतात, तो इथे अनोळखी माणसाला एका चित्राखाली दिला जातो.

आपल्याकडे या विषयावरचा कायदा जुना आहे आणि मला तो अजूनही फार नेमका वाटतो. औषधे व जादूटोणादी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ सालचा. त्याच्या अनुसूचीत ५४ आजार व अवस्थांची नावे आहेत. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, हृदयविकार, कमी किंवा जास्त रक्तदाब, मूतखडा, संधिवात, अर्धांगवायू, कोड, लठ्ठपणा हे सगळे त्यात आहेत. या आजारांचे निदान, त्यांतून बरे करणे, त्यांची तीव्रता कमी करणे, उपचार करणे किंवा ते होऊ न देणे, यांपैकी कशासाठीही एखादे औषध वापरावे असे सुचवणारी जाहिरात करता येत नाही. ‘तीव्रता कमी करणे’ हे यात आहे, याकडे मजकूर लिहिणाऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही. ‘बरे करते’ ऐवजी ‘नियंत्रणात ठेवायला मदत करते’ असे लिहिले की आपण सुटलो, असे अनेकांना प्रामाणिकपणे वाटते. पण समोर मधुमेहाचे नाव असेल तर ‘मदत करते’ हे क्रियापद तुम्हाला वाचवत नाही. मलाही पहिली दोनतीन वर्षे हे ठाऊक नव्हते, आणि त्या काळात मी लिहिलेल्या काही ओळी आजही कुठल्यातरी पानांवर असतील याची मला खंत वाटते.

याच कायद्यातली ‘जाहिरात’ या शब्दाची व्याख्या वाचण्यासारखी आहे. सूचना, परिपत्रक, लेबल, वेष्टन यांच्याबरोबरच तोंडी केलेली घोषणा आणि प्रकाश, ध्वनी किंवा धूर निर्माण करण्याच्या वा पोहोचवण्याच्या कोणत्याही साधनाने केलेली घोषणा तिच्यात येते. ज्यांनी हे १९५४ साली लिहिले त्यांच्यासमोर इंटरनेट नव्हते, तरी आत्याच्या फोनचा उजेड त्या व्याख्येत चपखल बसतो. शिवाय बंदी केवळ उत्पादकावर नाही. अशा जाहिरातीच्या प्रसिद्धीत कोणीही कोणताही भाग घेऊ नये असे कलम ३ सांगते. मजकूर लिहिणारी मी, चित्र करणारा मुलगा, ती जाहिरात पानावर चढवणारी एजन्सी हे सगळे ‘कोणीही’ या शब्दात येतात. कायद्यातून मोकळीक आहे ती प्रामुख्याने नोंदणीकृत डॉक्टरांना गोपनीयपणे पाठवलेल्या माहितीसारख्या मोजक्या गोष्टींना. कलम ५ ताईत, मंत्र, कवच अशा उपायांच्या जाहिरातींना रोखते, आणि ‘सिद्ध केलेले’ कडे किंवा माळ रक्तदाबावर विकणारी पाने पाहिली की हे कलम जुने झाले असे कोणी म्हणणार नाही. या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले तेव्हा १९५९ सालच्या निकालात न्यायालयाने काही तरतुदी रद्द केल्या, तरी व्यापारासाठी केलेली अशी जाहिरात म्हणजे विचार मांडण्याचे स्वातंत्र्य नव्हे हे स्पष्ट केले.

कायद्याची दुबळी बाजू शिक्षेत आहे. मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत आणि पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही असे ठरवले होते. २०२० साली केंद्र सरकारने दुरुस्तीचा मसुदा काढला, त्यात आजारांची यादी ७८ पर्यंत नेण्याचे आणि दंड १० लाख व ५० लाख रुपयांपर्यंत वाढवण्याचे सुचवले होते. व्यापाऱ्याला आज ज्या आकड्यांची भीती वाटते ते दुसऱ्या कायद्यातून येतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख आणि पुन्हा केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते, आणि तो उत्पादकाबरोबर जाहिरातीत दिसणाऱ्या प्रसिद्ध चेहऱ्यालाही लागू होतो. त्या चेहऱ्याला एक वर्ष, नंतर तीन वर्षांपर्यंत जाहिराती करण्यास मनाई होऊ शकते, मात्र दाव्याची खातरजमा त्याने आधी केली असेल तर तो सुटू शकतो.

याच प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत एक नियम आहे, जो मी छापून माझ्या टेबलासमोर लावला आहे. दावा ज्या भाषेत केला असेल त्याच भाषेत त्याखालची अस्वीकृती, म्हणजे ‘हे औषध नाही’, ‘परिणाम व्यक्तीनुसार बदलतो’ ही सूचना, असली पाहिजे. दाव्याचा जो टंक तोच तिचा टंक असला पाहिजे. दावा आवाजात असेल तर सूचना त्याच वेळी दिसली पाहिजे. आणि मुळात दिशाभूल करणारा दावा खालच्या सूचनेने दुरुस्त करता येणार नाही. आत्याच्या बाटलीची सगळी गोष्ट या एका नियमात आहे. जाहिरात मराठीत आणि इशारा इंग्रजीत, ही पद्धत इतकी रुळली आहे की ती चूक आहे हे सांगायला गेले की क्लायंट आश्चर्याने पाहतात.

खाद्य आणि औषध यांच्यामधल्या या पट्ट्यात सर्वाधिक गोंधळ आहे. रस, पावडर, चघळायच्या गोळ्या, प्रथिनांचे डबे हे बहुतेक अन्न म्हणून विकले जातात आणि त्यांच्यावर १४ अंकी परवाना क्रमांक असतो. त्या क्रमांकाचा अर्थ अन्नव्यवसायाचा परवाना किंवा नोंदणी आहे एवढाच होतो, त्या पदार्थाने काही बरे होते असा होत नाही. तरीही जाहिरातीत तो क्रमांक पदकासारखा मिरवला जातो. ‘आयुष मंत्रालय मान्यताप्राप्त’ या ओळीचेही तसेच. मंत्रालयाने स्वतः जाहीर केले आहे की ते कोणत्याही कंपनीला किंवा उत्पादनाला प्रमाणपत्र वा मान्यता देत नाही; उत्पादनाचा परवाना राज्याचा परवाना अधिकारी देतो. त्यामुळे ही ओळ मराठी रकान्यात आली की मी ती खोडते आणि परवान्याचा क्रमांक मागते.

एखादे नावच कसे दावा बनते याचे उदाहरण ओआरएसचे, म्हणजे जुलाबात द्यायच्या साखर-क्षारांच्या पाण्याचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि ठरलेल्या मापाचे क्षार असतात. जुलाबाने कोमेजलेल्या बाळाच्या आतड्यातून पाणी शोषले जावे यासाठी हे प्रमाण नेमके असावे लागते. वर्षानुवर्षे कितीतरी अधिक साखर असलेली फळांच्या चवीची पेये त्याच तीन अक्षरांच्या आधाराने मेडिकलमध्ये आणि ॲपवर विकली जात होती, कोपऱ्यात ‘हे ओआरएस नाही’ असे बारीक छापून. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी या विरोधात अनेक वर्षे झुंज दिली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात पुढेमागे कुठेही ओआरएस हा शब्द वापरण्यास मनाई केली. मिरजेच्या काउंटरवर मी स्वतः अशी पेये कितीतरी आयांच्या हातात दिली आहेत, कारण मागणी त्याच नावाने यायची.

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांची गोष्ट वेगळी आहे. औषध नियमांच्या अनुसूची ‘एच’, ‘एच-१’ आणि ‘एक्स’ मधल्या अशा औषधांची जाहिरात केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय करता येत नाही. जगात अमेरिका आणि न्यूझीलंड हे दोनच देश चिठ्ठीच्या औषधाची जाहिरात थेट रुग्णापुढे करू देतात. आपल्याकडे मग ती आडवाटेने येते. वजन घटवणारी इंजेक्शने बाजारात आल्यापासून ‘लठ्ठपणा हा आजार आहे, डॉक्टरांशी बोला’ अशी पाने वाढली आहेत. वाक्य खरे आहे आणि उपयोगीही आहे. लाजेने गप्प बसलेल्या माणसाला त्यातून धीर येतो, हे मी नाकारत नाही. परंतु त्याच पानाच्या तळाशी फोन क्रमांक मागणारा अर्ज असेल, तो भरल्यावर तासाभरात एकाच औषधाचे नाव घेणारा फोन येत असेल, तर ते पान जनजागृतीचे नाही. अशा कामाला मी एकच प्रश्न लावते: उत्पादन बाजूला काढले तर हे पान लिहिण्याचे कंपनीला काही कारण उरते का?

ऑनलाइन जाहिरातीत वचन मुख्य वाक्यातून निघून आजूबाजूला जाऊन बसते, आणि खरी जबाबदारी तिथे कळते. मी मुख्य मजकूर कितीही जपून लिहिला तरी त्याखाली ‘माझा मधुमेह गेला’ असा ग्राहकाचा अभिप्राय निवडून वर टाचला असेल, तर तो अभिप्राय कंपनीचाच दावा होतो, कारण शेकडो अभिप्रायांतून तो उचलून वर ठेवणारा हात कंपनीचा असतो. हॅशटॅग, चित्रातल्या आधी-नंतरच्या छायाचित्रांची जोडी, दुव्याच्या पत्त्यात कोंबलेले आजाराचे नाव हेही मजकूरच आहेत. ज्या शब्दांवर जाहिरात दिसावी म्हणून पैसे मोजले जातात त्यांची यादी मी अलीकडे हट्टाने मागते. एका यादीत ‘किमोशिवाय कॅन्सर’ हे शब्द होते. पानावर कर्करोगाचा उल्लेखही नव्हता, पण रात्री दोन वाजता हे शब्द टंकणारा माणूस कोण असेल आणि त्याच्यासमोर ते पान उघडल्यावर त्याला काय वाटेल, याचा विचार ती यादी करणाऱ्याने केला नव्हता. ते काम मी परत केले.

चेहऱ्यांविषयी ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने स्वतंत्र मार्गदर्शक सूचना दिल्या. जे स्वतःला डॉक्टर किंवा आरोग्यतज्ज्ञ म्हणवून सल्ला देतात त्यांनी आपली खरी पात्रता सांगितली पाहिजे, आणि जे तज्ज्ञ नाहीत त्यांनी आपला सल्ला वैद्यकीय सल्ल्याच्या जागी धरू नये हे स्पष्ट केले पाहिजे. पैसे किंवा वस्तू घेऊन केलेली शिफारस तशी असल्याचे सांगणे तर सर्वांनाच बंधनकारक आहे. ते सांगणेही मराठी रीलमध्ये मराठीतच हवे, ‘सशुल्क जाहिरात’ असे, पहिल्या क्षणी दिसेल असे. वीस हॅशटॅगांच्या मागे लपलेला इंग्रजी शब्द आत्यासारखीला दिसत नाही आणि दिसला तरी उमगत नाही.

‘एवढ्या मोठ्या इंटरनेटवर कोण कोणाला आवरणार’ असे म्हणणाऱ्यांना मी गर्भलिंगनिदानाच्या जाहिरातींची आठवण करून देते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला, १९९४ साली केंद्राचा आला आणि पुढे त्यात इंटरनेटवरच्या जाहिरातीचाही स्पष्ट उल्लेख झाला. शोधयंत्रांवर अशा जाहिराती दिसत राहिल्या तेव्हा या प्रश्नावर काम करणारे कार्यकर्ते साबू मॅथ्यू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ‘आमच्याकडे केवळ दुवे दिसतात’ ही गूगल, याहू, मायक्रोसॉफ्ट यांची बाजू तिथे पुरेशी ठरली नाही. २०१६ मध्ये न्यायालयाने तक्रारी घेणारी मध्यवर्ती यंत्रणा नेमायला सांगितले आणि तिच्याकडून कळल्यावर ३६ तासांत असा मजकूर काढण्याचे बंधन घातले. म्हणजे इच्छा आणि आदेश असला की हे करता येते.

औषधांच्या बाबतीतही न्यायालयाने अलीकडे बरेच केले. भारतीय वैद्यक संघटनेच्या याचिकेत मे २०२४ मध्ये जाहिरात दिशाभूल करणारी नाही असे स्वयंघोषणापत्र जाहिरातदाराने आधी द्यावे असे सांगितले गेले, आणि मार्च २०२५ मध्ये १९५४ च्या कायद्याखालच्या तक्रारींसाठी राज्यांनी दोन महिन्यांत यंत्रणा उभारावी असा आदेश झाला. आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातींना पूर्वपरवानगी लावणारा नियम १७० मात्र २०१८ मध्ये येऊन २०२४ मध्ये केंद्राने वगळला, आणि त्या वगळण्याला सर्वोच्च न्यायालयाने दिलेली स्थगितीही पुढे उठली. नियम गेला म्हणजे रान मोकळे झाले असा अर्थ काही एजन्सींनी लावला. १९५४ चा कायदा जिथे होता तिथेच आहे.

तक्रार करायची असेल तर आधी पडद्याचे चित्र घ्यावे, त्यात तारीख आणि पानाचा पत्ता दिसू द्यावा, कारण या जाहिराती दिवसभरात नाहीशा होतात. मग राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर किंवा मुंबईच्या जाहिरात मानक परिषदेकडे ती पाठवता येते.

दिवाळीनंतर दोन महिन्यांनी योगायोगाने एका दुसऱ्या कंपनीच्या कारले-जांभूळ रसाचा तक्ता माझ्याकडे आला. मी लिहिले: ‘कारले आणि जांभळाचा रस. सकाळी पाण्यात घालून घेण्यासाठी. हे औषध नाही. मधुमेहाची कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.’ चारही वाक्ये एकाच टंकात, एकाच आकारात ठेवावीत असे सोबत कळवले. शेवटची दोन वाक्ये लहान करता येतील का, असा निरोप आला. मी नियमाची प्रत पाठवली. आठवडाभर काही उत्तर नव्हते, नंतर मजकूर जसाच्या तसा लागला, फक्त वर टाचलेले तीन अभिप्राय काढायला आणखी चार फोन करावे लागले.

आत्या आता दोन्ही वेळच्या गोळ्या घेते. फोनवर काही संशयास्पद दिसले की त्याचे चित्र मला पाठवते. परवा तिने गुडघ्याच्या तेलाची जाहिरात पाठवली, ‘संधिवात २१ दिवसांत गायब’ अशी, आणि खाली लिहिले, “हे तुझ्या त्या यादीत आहे का बघ.” संधिवात यादीत आहे. तारीख आणि पत्ता घेऊन मी तक्रार नोंदवली आहे. ते पान आज सकाळपर्यंत तरी उघडत होते.